माझ्या दिरांना डोंगरावर न सोडण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय.

विषय : भटकंती मंडळाने सुळक्याच्या वाटेसाठी मागितलेली परवानगी नाकारणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाबाहेर लागलेली ट्रेकची सूचना, तीत लीडर म्हणून माझ्या धाकट्या दिरांचे नाव आहे.

महोदय,

अर्जदार शिवणकाम शिकवते आणि बरीच वर्षे सदर मंडळाचे ट्रेक विनामोबदला नेत आली आहे. विनामोबदला म्हणजे लोकांच्या पाठपिशव्या वाहणे, त्यांचे पाय चोळून देणे आणि "अजून किती राहिलं?" या प्रश्नाला दर वळणावर तेच खोटे उत्तर देणे.

१. मागील ट्रेकला सुळक्याखालच्या अरुंद धारेवर माती सुटत असल्याचे पाहून मी सर्वांना परत फिरण्यास सांगितले. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझे दीर, फर्निचरचे दुकान चालवतात व स्वतःस 'कॅप्टन' म्हणवून घेतात. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा इथं टाके घालत. आम्ही वर जाऊन फोटो काढून येतो." मंडळी हसली. मंडळींना हसायला फारसे काही लागत नाही.

२. कॅप्टनांची पत्नी, म्हणजे माझी जाऊ, माझ्यापाशी थांबणार होती. "चल गं, लोक काय म्हणतील!" असे म्हणत त्यांनी तिला हाताला धरून नेले. धारेवर तिचा पाय घसरला व ती खालच्या झुडपात अडकली. तोवर पुढे गेलेल्या कॅप्टनांनी तेथूनच "कुणीतरी काहीतरी करा!" असा आदेश दिला. दोर बांधून मी उतरले, मोडलेल्या पायाला ओढणीने काठी बांधली, तिला वर घेतले. ती एवढेच म्हणाली, "ताई, मी तुमच्याजवळ थांबायला हवं होतं ना?" मी म्हटले, "आता बोलू नकोस. श्वास घे."

३. पुढील सभेत 'धाडसी बचावकार्याबद्दल' सत्कार झाला, तो कॅप्टनांचा. सन्मानचिन्ह आपल्याच हस्ते देण्यात आले. भाषणात आपण त्यांना 'डोंगराचा राजा' म्हणालात. आपण त्या वाटेला कधी गेलेला नाहीत हे आपल्या चकचकीत बुटांवरून कळत होते, म्हणून आपणास दोष देत नाही. जाऊ पहिल्या रांगेत प्लास्टर घातलेला पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. तिचा उल्लेख झाला नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हा बेशिस्तपणा ठरवून माझे लीडरपद काढून घेण्यात आले.

४. आता कॅप्टन त्याच धारेवरून नवशिक्यांना नेणार आहेत. जेवताना मी त्यांना सांगून पाहिले, "भावजी, ती वाट अजून तशीच आहे." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जळता माझ्यावर."

होय, जळते. त्यांच्या झोपेवर जळते. जाऊची किंकाळी आठवून मी दचकून उठते, तेव्हा ते पलीकडच्या खोलीत खुशाल घोरत असतात.

सबब, परवानगी नाकारावी. कॅप्टनांशी आपला स्नेह असल्याने ते जड जात असल्यास, लीडर म्हणून माझे नाव घालावे. मी सर्वांना धारेपर्यंत नेईन आणि तेथून परत फिरवीन. उतरताना सगळे मला शिव्या घालतील. शिव्या घालायला सगळे असतील, एवढे मला पुरे आहे.

आपली, नियमापुरती नम्र,
(स्वाक्षरी)
पदावरून काढलेली ट्रेक लीडर
दिनांक : १४ डिसेंबर