काडतुसांच्या खणाला कुलूप

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. बाबांच्या कानांनी दगा दिलाय, पण आवाज शाबूत आहे. चहा गार झाला की अजूनही घर डोक्यावर घेतात.

परवा मी शाळेच्या सभागृहात गेले होते. बंदुकीच्या कायद्यात बदल करायचेत म्हणून सरकारने लोकांची मतं मागवली आहेत, त्याची सुनावणी होती. जिथे मुलं वावरतात तिथे बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवायची, असं नवं कलम आहे. एक म्हातारे शिकारी म्हणाले, आमच्या तीन पिढ्या गेल्या, कुलपावाचून काही अडलं नाही. नेमबाजी शिकवणाऱ्या बाई त्यांच्याशी हुज्जत घालत बसल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे आपलं बंदुका दुरुस्तीचं दुकान उभं राहिलं.

जिन्याखालची ती खोली, तेलाचा वास, लोखंडी पकडीत आवळलेली बंदुकीची नळी, आणि कानशीच्या तालावर चाललेली बाबांची शीळ. नळी साफ झाली की ते ती उजेडाकडे धरून आधी तुला आत बघायला द्यायचे. तुला आत चंद्र दिसायचा. मला नुसती नळीच दिसायची, म्हणून मी तुझ्यावर जळायचे. लाकडी दस्त्याला तेल चोळणं माझं काम, स्क्रू निवडून डब्यांत टाकणं तुझं. शाळा सुटली की दप्तरं भिरकावून आपण थेट तिथेच. तेवढं सुख मला पुढे कुठल्याच खोलीत मिळालं नाही.

आणि मग ती दुपार. तू सहा वर्षांचा होतास, पाठमोरा बसून स्क्रू निवडत होतास. तुझ्या पोटरीत छर्रे गेले, तीन ऑपरेशनं झाली, तरी पाय आखूडच राहिला. बंदूक साफ करताना चाप आपल्याच हातून ओढला गेला, असं बाबांनी पोलिसांना सांगितलं. परवाना गेला, दुकान गेलं, ते दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागले. त्यांची शीळ मी पुन्हा ऐकली नाही. अठराव्या वर्षी तू घर सोडलंस, आणि तुझ्या एकाही पत्रात बाबांसाठी कधी एक ओळ आली नाही.

सभागृहात मी हात वर केला. प्रत्येकाला तीन मिनिटं होती, मला एक पुरलं. मी सांगितलं, की बाबा तेव्हा गिऱ्हाइकाला सोडायला फाटकापर्यंत गेले होते. काडतुसांचा खण उघडा होता. मी अकरा वर्षांची होते, बाबांसारखी नेम धरून बघत होते. बंदूक माझ्या हातात होती.

घरी येऊन बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की सभागृहात खरं बोलून आले, आता तुलाही लिहिते. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “त्याला कशाला कळवतेस? तुम्ही दोघं तरी एकमेकांची राहा.”

सुनावणीत कोण काय बोललं ते शुक्रवारी छापून येणार आहे. ते तुला कुठल्या कागदावरून कळू नये, म्हणून हे पत्र. इतकी वर्षं तू बाबांवर धरलेला राग माझ्या वाटणीचा होता. तो आता माझ्यावर काढ, मी काही म्हणणार नाही. फक्त फोन करू नकोस. बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही. तू ये.

तुझीच,
ताई