पेडल तिसऱ्यांदा परत आलं

प्रिय दादा, आणि माझं सर्वांत कटकट करणारं गिऱ्हाईक,

सुरांना घुमारा देणारं तुझं रिव्हर्बचं पेडल तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आहे. सकाळपासून ते दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. सोल्डरिंग गन तापवते आणि काहीच न करता बंद करते.

तुझी तक्रार तीच. घुमाऱ्यातली झिलई गेली, सूर घोंगडीखालून येतात. पहिल्या वेळी खरखरही होती; ती अडॅप्टरची निघाली, तो बदलला. झिलईचा दोष मात्र सापडला नाही. मोजमापात पेडल नव्यासारखं होतं. तरी तुझा पडलेला चेहरा बघून मी आतला एक बारका स्क्रू फिरवला आणि वरचे सूर वाढवले. तू खूश. चिमणीच्या हातात जादू आहे, असं आईला सांगत सुटलास. दीड महिन्यात परत आलास, मी पुन्हा स्क्रू फिरवला. तेव्हाच तो टोकाला पोचला. परवा तुमचा ड्रमवाला भेटला. म्हणाला, ताई, त्या डबीला आवरा, कानांत सुया टोचतात. आणि तुमच्या दादाला सांगावं तर म्हणतो, तुमचेच कान कामातून गेलेत. मी हसले. हसायला नको होतं.

तू क्लासला गेलास की मी आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघायचे, आठवतं? परत आलास की तू जिन्यातूनच ओरडायचास, चिमणे, बंद कर तो! आवाज बंद असतानाही त्या जुन्या टीव्हीतून येणारी बारीक शिट्टी घरात आपल्या दोघांनाच ऐकू यायची. आई-बाबांना वाटायचं, कार्टी थापा मारतायत.

गेल्या मंगळवारी तू दुकानात चहा पीत होतास, तेव्हा मी तपासणीच्या यंत्रावर एक शिट्टी लावली. टीव्हीच्या शिट्टीपेक्षा बरीच जाड, कुणालाही ऐकू यावी अशी. शेजारचे साठीतले झेरॉक्सवाले काका डोकावून म्हणाले, पोरी, किटली उतरव की! तू मान वर केलीस ती त्यांना बघून. मी यंत्र बंद केलं आणि विषय बदलला.

पेडल सोबत पाठवतेय. स्क्रू मूळ जागी आणलाय. पेडलमध्ये दोष नाही, दादा. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू काहीतरी विनोद केला असतास, मी हसले असते आणि पुन्हा स्क्रू फिरवला असता. तीन महिने मी चुकीची गोष्ट दुरुस्त करत होते, आणि त्या काळात तू आवाज वाढवत गेलास. यातला निम्मा दोष माझा. गुरुवारी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव नोंदवलंय. शनिवारचं रेकॉर्डिंग पुढे ढकल. तोवर हेडफोनला हात लावू नकोस. गेलेलं परत येईल की नाही, मला माहीत नाही. उरलेलं राखता येतं, एवढं नक्की. साडेनऊला न्यायला येते. तुझी बेल फार बारीक वाजते, म्हणून दारच ठोठावेन.

तुझीच,
चिमणी