नागाच्या शेपटीवरचा डाग

प्रिय दाओ,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, त्याची आधी माफी मागतो. तुझी बुआपान काकू रोज टोचते, "पोरीनं काय गुन्हा केलाय?" मी म्हणतो, हात दुखतो. हात दुखत नाही.

तू पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आलीस तो हिवाळा आठवतो. विहाराच्या पायऱ्यांवर पालथी पडून, डोळ्याला भिंग लावून तू कठड्याचे दगडी नाग तपासायचीस. चघळायची मियांगची पानं खुडून परतणाऱ्या बायका थांबायच्या. "विद्यापीठात काय, दगड हुंगायला शिकवतात?" तू हसून म्हणालीस, "मावशी, या तळहाताएवढ्या जागेत दगडफुलाच्या नऊ जाती आहेत. तुमच्या आळीत घरं किती?" त्या बोटांवर घरं मोजायला लागल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. साठ वर्षं त्याच पायऱ्या चढलो, मला तिथे मळाखेरीज काही दिसलं नव्हतं. बुरशी आणि शेवाळ एका घरात संसार करतात, त्याचं दगडफूल होतं, हे तू चिकट भात खाता खाता सांगितलंस, तेव्हा बुआपान माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या घरात बुरशी कोण, ते कळलं."

तुझ्या कामाचा मला धाक वाटतो. एक कण खरवडायचा, त्यावर बाटलीतला थेंब सोडायचा, पिवळा होऊन लाल होतो का बघायचं, आतल्या बीजाणूंचे कप्पे मोजायचे, जगभरच्या जुन्या नोंदींशी ताडायचं, आणि चार वर्षांनी कुठे म्हणायचं, की ही जात आजवर कुणी नोंदलेली नाही. मी तर बायकोसुद्धा एका दुपारी पसंत केली होती. "हेच ते, काका," म्हणत तू नागाच्या शेपटीकडे बोट दाखवलंस आणि मी हो हो म्हणालो. आता दुसऱ्या पत्रात लिहितेस, की पहिला नमुना तपासण्यांत संपत आलाय, पाऊस सरला की बाहेरच्या प्राध्यापकांना घेऊन दुसरा न्यायला येतेस, आणि त्या जातीला नाव माझं देणार आहेस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

दाओ, ते आता तिथे नाही. सोंक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आधी सारं गाव विहार धुतं, तुला ठाऊक आहे. पायऱ्या माझ्याकडे असतात. मी विसरलो नव्हतो गं. शेपटीवर एक हिरवट, झालरीसारखं देखणं दगडफूल होतं, त्यावर केळीचं पान बांधलं, पाण्याचा शिंतोडा लागू दिला नाही. बाकीची शेपटी नारळाच्या काथ्यानं घासून लखलखीत केली. आठवड्यानं तुझं पहिलं पत्र आलं, त्यात तुझ्या त्या नव्या जातीचा फोटो होता. राखाडी डाग, सांडलेली पेज वाळल्यासारखा. नवं म्हणजे देखणंच असणार असं मी धरून चाललो होतो. तू बोट दाखवलंस तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. जगात एकाच जागी सापडलेलं, ते माझ्या हातानं गेलं.

तेव्हापासून तू दिलेलं भिंग गळ्यात अडकवून फिरतोय. बुआपान म्हणते, "म्हाताऱ्याला आता दगडाशी दुसरं लग्न लावायचंय." पायऱ्यांचे आणि नागांचे दगड माझ्या आजोबांच्या वेळी ओढ्यातून आणले होते. त्यातली उरलेली एक शिळा मियांगच्या बागेखाली पडून आहे, हे परवा आठवलं. तिच्या सावलीच्या अंगाला बदकाच्या अंड्याएवढा राखाडी डाग आहे. तू ठेवून गेलेली बाटली उघडायला हात धजला नाही. माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. नखाएवढा कण काढून, तू घालतेस तशी घडी घालून पुडी केली, तारीख आणि जागा लिहिली. गोळा करणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी सोडलीय. पुडी या पत्रासोबत आहे. तेच निघालं तर त्याला गावाचं नाव दे, माझं नको. नसलं तर मला शिव्या दे, पण गप्प राहू नकोस. उरलेला डाग जागेवर आहे, त्यावर मी काहीही बांधलेलं नाही. थेंब शेपटीवरच्यासारखा लाल झाला की नाही, तेवढं एका ओळीत लगेच कळव.

तुझाच,
खामपान काका