गाडी त्याची, चाकं माझी

आप्पा, आज सकाळी मी धाकट्याशी खोटं बोलले. जेऊरहून त्याचा फोन आला होता. "अक्का, माझी ती रिमोटची गाडी हाय का गं अजून? रविवारी जेवायला येतो, तवा घेऊन जातो." मी म्हटलं, भंगारात दिली. तो म्हणाला, "बरं केलंस की. जागाच अडली होती." रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. गाडी तेव्हा माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर होती. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी नोकरीभर वर्गाबाहेर उभं केलं. मला उभं करणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

गाडी त्याचीच, यात वाद नाही. दुबईच्या गिऱ्हाइकाला सांगून तुम्ही ती त्याच्यासाठी मागवलीत. मी तेव्हा कॉलेजात होते. नवी पेठेतलं कापडाचं दुकान दुपारी बंद करून तुम्ही घरी येता, जेवता, आणि स्वयंपाकघरातच पाटावर गाडी उलटी ठेवून मला हाक मारता. "हितं बस. पुढची चाकं बारीक का, सांग बघू." पुढच्या टायरांना गोल फिरणाऱ्या रेघा, मागची रुंद, मऊ आणि दातेरी. पुढची आसावर मोकळी फिरतात. त्यांनी फक्त वळायचं. मोटारीचा सगळा जोर मागच्यांवर. त्यांनी जमीन धरायची आणि गाडी ढकलायची. तुम्हाला हे मला एकदाच सांगावं लागलं.

तरी खंडेनवमीला मी घोळ घातलाच. तुम्ही दुकानातली कात्री, मीटरपट्टी, स्कूटर आणि ही गाडी एका रांगेत पूजेला मांडलीत. चाकं काळीभोर दिसावीत म्हणून मी चारही टायरांना खोबरेल तेल चोळलं. हळदकुंकू झालं, धाकट्यानं गाडी सोडली, आणि फरशीवर तिची मागची बाजू अशी भेलकांडली की ती गर्रकन फिरून पेढ्यांच्या ताटात शिरली. "घ्या, आधी हिलाच प्रसाद," आई म्हणाली. तुम्ही मात्र हसला नाहीत. "मागच्या चाकांना तेल लावत्यात व्हय? कॉलेजात हेच शिकवत्यात का?" पाहुण्यांसमोर माझे कान तापले. संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर बसून ती साबणानं धुतलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आजपासनं चाकं हिची. हिला इचारल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय."

त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं खूश होते. धुणं, चिकटवणं, झिजलेलं टायर बदलणं माझं, रिमोट त्याचा. धाकट्यानं एकदा तो माझ्यापुढं धरलाही होता. "घे की अक्का, एक फेरी मार." मला अभ्यास आहे म्हणून मी झिडकारला. म्हणजे त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुम्ही मला रिमोट कधी का दिला नाहीत, हे विचारायचं मात्र मला तुम्ही असेपर्यंत सुचलं नाही.

गेल्या महिन्यात माळ्यावर गाडी सापडली. रबर वाळून तडकलं होतं. पुढची आणि मागची टायरं वेगवेगळी मागवली, बॅटरी नवी बसवून घेतली. हे सगळं त्याच्यासाठी करते आहे असंच मी स्वतःला सांगत होते. मग काल दुपारी दार आतून लावून गाडी गच्चीवर सोडली. मागच्या चाकांनी जमीन पकडली आणि ती अशी सुटली की मी मोठ्यानं ओरडले. कुणी ऐकलं नाही, याचं बरं वाटलं.

रविवारी तो येईल, पोटभर जेवेल आणि गाडीचं नावही काढणार नाही. त्याचा स्वभावच तसा. मी त्याला खरं सांगणार आहे, आप्पा, आणि गाडीही देणार आहे. पण या रविवारी नाही. सरळ जाते ती. वळवायला गेलं की दर वेळी पाण्याच्या टाकीवर आदळते. मला अजून वळवता येत नाही.