सकाळी सातला अंधारं स्वयंपाकघर

मंगळवार, संध्याकाळ

घराची हुबेहूब चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं भाडं झेपेना, म्हणून आज फुकटातलं एक तपासायला घेतलं. त्यात मी आखलेलं मखमलाबादच्या सुमनकाकूंचं घर घातलं. फुलशेतीवाल्या काकूंनी माझ्याकडे एकच मागितलं होतं, सकाळचं ऊन स्वयंपाकघरात यावं. गाव नाशिक टाकलं, वेळ सकाळी सात. स्वयंपाकघर अंधारात!

फुकटचं ते असंच, म्हटलं. जुन्यात सूर्य मीच हाताने ठेवायचे, तिथे उजेड होता. मग नकाशा पाहिला. उत्तरेचा बाण मीच उलटा काढलाय, म्हणून स्वयंपाकघर पश्चिमेला गेलंय. आणि त्याच बाणावरून जोतं बांधून झालंय! इतकी वर्षं घरं आखतेय, आणि बाण उलटा?

लगेच काकूंना फोन करून चूक सांगितली.

"मला माहीत हाय, ताई," त्या म्हणाल्या. "जोतं झालं तवाच दिसलं. पण तुम्ही लय शिकलेल्या. म्हटलं, काहीतरी कारण असंल."

त्या रोज बघत होत्या आणि गप्प राहिल्या. मी तरी कधी विचारलं?

भिंती अजून उठायच्या आहेत, स्वयंपाकघर पलीकडे नेता येईल. उद्या भिंतींच्या खुणा काकू सांगतील तशा आखायच्या. मी फक्त टेप धरणार.