होडीतलं भाषण

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांगातले गुडघे आणि कंबर सध्या रजेवर आहेत. उरलेल्या अंगांचा नमस्कार गोड मानून घे.)

सरोवराकाठच्या आपल्या नेहमीच्या दोन खोल्या सांगून ठेवल्या. पाण्याच्या बाजूच्याच. विश्रामगृहाच्या बाईंनी आधीच बजावलंय की जिना तोच आहे आणि तोही आपल्यासारखाच म्हातारा झालाय. नावाडीही तोच. त्याने तुझ्यासाठी निरोप धाडलाय की या वर्षी हंस लवकर उतरलेत, तर तुमच्या भावाला होडीत जरा हळू बोलायला सांगा. दर वर्षी याचं भाषण सुरू झालं की थवाच्या थवा उठतो आणि बाकीच्या प्रवाशांना नुसतं रिकामं पाणी बघावं लागतं, अशी त्याची जुनी तक्रार आहे. मी त्याला कळवलं की कागद कारखान्याच्या फाटकावर विनामाईक बोललेला माणूस आहे मी. हळू बोलायचा सराव या वयात कुठून आणू?

तुझ्या कानातल्या मशीनचं काय केलंस? गेल्या वर्षी प्रत्येक वाक्य तुला तीन-तीनदा सांगावं लागलं. उन्हाळ्यात आलीस तेव्हाही तेच. शेवटी मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो हे ऐकून सूनबाईच्या हातातली कपबशी पडता पडता राहिली. ते मशीन बदलून टाक. फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही ते नाहीच. निदान समोरासमोर तरी माझं मोल राहू दे.

बाकी सर्व ठीक. नात दात पडल्यामुळे शिट्टी वाजवायला शिकली आहे आणि घरात राहणं कठीण झालंय. माझा घसा जरा बसलाय, हवा बदलली की होतं.

तुझा लोभ आहेच. तो आता कानांपर्यंतही पोचो.

तुझा भोंगा

—

१५ सप्टेंबर

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो वेगळा बांधून ठेवलाय.

तुझ्या सांगण्यावरून कानवाल्याकडे जाऊन आले. तो तरुण आहे पण घाईचा नाही. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीकसारीक आवाज ऐकवले, मशीन उघडून साफ केलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाला, आजी, मशीनला काही झालेलं नाही आणि कानही होते तिथेच आहेत. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, मला माझ्या सख्ख्या भावाचं बोलणं ऐकू येत नाही आणि तू कान ठीक म्हणतोस? त्याने शांतपणे विचारलं, बाकीच्यांचं येतं का?

घरी येऊन चहा केला आणि कोणाकोणाचं ऐकू येतं ते मोजलं. शेजारणीचं ऐकू येतं मला. दारावरची थाप ऐकू येते. तुझ्या नातीचं पुटपुटणं उन्हाळ्यात मला माळ्यावर ऐकू आलं होतं. ऐकू येत नव्हता तो फक्त तू.

सगळी नोकरी मी रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. बसलेला आवाज महिना उलटून गेला तर काय करायचं, हे नव्या मुलींना मीच शिकवायचे. आणि तुझा आवाज विरत गेला तेव्हा मी माझ्या मशीनच्या बॅटऱ्या बदलत बसले. तूही मला खुशाल बदलू दिल्यास. दर वेळी हसून वर म्हणालास, ताई, तू आता ठार बहिरी झालीस.

सूनबाईला वेगळं पत्र टाकलं होतं, तिचं उत्तर आलंय. ती म्हणते तिलाही तुझं बोलणं जड वाटतं, पण तू तिला धुळीचं कारण देतोस. उद्याच्या उद्या गळ्याच्या डॉक्टरकडे जा. हवा बदलल्याच्या गोष्टी मला सांगू नकोस.

उत्तर आल्याशिवाय मी सरोवराचं सामान भरणार नाही. राग आहे म्हणजे लोभ आहेच, हे तुला सांगायला नको.

ताई

—

२३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

आता लपवून उपयोग नाही. डॉक्टरकडे मी तुझं पत्र येण्याआधीच जाऊन आलो होतो, एकटाच. आत गाठ आहे. वाईट जातीची. त्याचं म्हणणं असं की स्वरयंत्र पुरतं काढून टाकायचं, मानेला भोक ठेवायचं, श्वास तिथून घ्यायचा. मग मी जगेन, पण बोलणार नाही. काढलं नाही तर आवाज राहील तोवर राहील, आणि मीही फार राहणार नाही. त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला तो माणूस आवडला. पण मी नाही म्हणून उठून आलो.

रागावण्याआधी ऐक. मी आयुष्यात दुसरं काय केलं? कागदाच्या लगद्यात हात घालून कातडी सोलून निघायची ती सगळ्यांचीच. मी त्यात विशेष काही केलं असेल तर एवढंच, की ज्यांना साहेबासमोर तोंड उघडता येत नव्हतं त्यांच्या वतीने मी उघडलं. हातमोजे मिळाले ते बोलण्याने. आग विझवायला पाणी ठेवलं गेलं ते बोलण्याने. माणसाचं तोंड बंद करणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो, आणि आता स्वतःच्या हाताने सही करून माझं तोंड बंद करून घेऊ? श्वास बैलही घेतो, ताई. चुलीचा भातादेखील घेतो. श्वास घेण्याला मी जगणं म्हणत नाही.

तुझ्या कानांची चेष्टा केली तेव्हा मला खरंच वाटत होतं की दोष तुझ्या कानांचा आहे. निदान उन्हाळ्यापर्यंत वाटत होतं. पुढे वाटून घेतलं.

घरात अजून सांगितलेलं नाही. मुलगा कामावरून दमून येतो, त्याला जेवू द्यावं असं वाटतं. सरोवराला मात्र ये. आवाज आहे तोवर तुझ्यासमोर बसून बोलायचंय. ऐकू आलं नाही तरी बस.

लोभ कमी करू नकोस. सध्या तेवढंच औषध मी घेतोय.

भोंगा

—

१ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
आशीर्वाद. या वेळी मोजून देतेय, कारण तू ते उधळतोस.

तुझं पत्र म्हणजे सभेतलं भाषण आहे. समोर माणसं असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण समोर मी आहे, आणि तू मुडदूस झालेलं पोर होतास तेव्हापासून मी तुला ओळखते.

तू म्हणतोस ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्यासाठी तू बोललास. मग त्यांना तू माणसं समजत होतास की नव्हतास? की जो बोलत नाही तो तुझ्या लेखी बैल आणि भाता? फाटकापाशी उन्हात उभं राहून तुझं ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण जन्मभर सभेत एक शब्द बोलले नाहीत. घरी गेले, पोरं वाढवली, झाडाला पाणी घातलं. ते जगले नाहीत? हे त्यांच्या तोंडावर सांगून ये, आवाज आहे तोवर.

मी मानेला भोक पडलेली माणसं पाहिली आहेत. गोड चित्र रंगवणार नाही. खोकला भोकातून येतो. पहिले दिवस माणूस आरशाकडे पाठ करून बसतो. एक सुतार होता, तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला. मग एके दिवशी बाजूच्या खाटेचा पाय डुगडुगतो हे त्याला सहन झालं नाही, आणि उठून त्याने खाली पुठ्ठ्याची घडी सारली. सुधारला असं मी म्हणत नाही. उठला, एवढंच.

आपण आई-बापांमागे दोघंच उरलोय. तू बोलावंस असा माझा आग्रह नाही. तू असावंस असा आहे. मला तसाही तुझा आवाज फार येत नाही. मला काय फरक पडणार, सांग.

सरोवराला येते. पण परतल्यावर पुन्हा त्या डॉक्टरकडे जायचं, ही माझी अट. घरातही सगळं सांग. मुलाला जेवून झाल्यावर सांग हवं तर.

लोभ ठेवतेय, तो वाया घालवू नकोस.

ताई

—

१९ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
आशीर्वाद. आज पदर भरून.

वाटेत दोन मुक्काम करून घरी पोचले, चपला काढते तोवर सूनबाईचं पत्र हातात. तू गाडीतून उतरल्या पावली रुग्णालयात जाऊन सही केलीस म्हणे. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग भूक लागली. तिला कळवलंय की म्हातारीने वक्त्याला युक्तिवादात हरवलं. थोडी फुशारकी मारू दे मला.

प्रवासाने अंग मोडून गेलंय, पण डोळ्यांपुढून ते पाणी हलत नाही. शेवटच्या दिवशीची ती फेरी. धुकं उठलेलं, लव्हाळे पिवळे पडलेले, आणि तू सकाळपासून घुम्यासारखा. चहा घेतानाही बोलला नाहीस. मला वाटलं रागावलाय. मग होडीत माझ्याकडे तोंड करून बसलास आणि जो सुरू झालास तो हातवारे करत काठ येईपर्यंत थांबलाच नाहीस. नावाडी सारखा वळून पाहत होता. हंस या वेळी उठले नाहीत, अगदी वल्ह्याजवळून गेले. तुझी सवय झाली असेल त्यांनाही.

आता एक सांगते, हसू नकोस. त्या बोलण्यातलं मला काहीही ऐकू आलं नाही. वारा होता, मी मशीनवर शाल ओढून घेतली होती. पण तू इतक्या मनापासून बोलत होतास की थांबव, पुन्हा सांग, असं म्हणवलं नाही. मान डोलावत राहिले. जिथे तुझा हात वर गेला तिथे हसले.

आता तुला पुष्कळ सक्तीचा वेळ मिळणार आहे. तर तेव्हा काय बोललास ते मला लिहून धाड. सगळं. गुडघा बरा झाला की मी येतेच, तोवर ते वाचत बसेन.

लोभ आहे, आणि भीतीही आहे. दोन्ही तुझ्यावरच.

ताई

—

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडून लिहितोय, अक्षर लावून घे. शस्त्रक्रिया झाली. मानेवर पातळ फडकं असतं, त्याआड श्वास चालतो. तू म्हणालीस ते खरं आहे, मी आरशाकडे पाहिलेलं नाही. नात पहिल्या दिवशी दारातच थबकली, मग जवळ येऊन तिने भोकापुढे तळहात धरला आणि आईला सांगितलं की आजोबा गरम आहेत. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टर म्हणतो, काढण्यासारखं होतं तेवढं काढलं. मानेतल्या बाजूच्या गाठींतही तो रोग गेलाय. वसंतात आलो असतो तर, असं तो म्हणता म्हणता थांबला. बॅटऱ्यांचा विचार करत बसू नकोस. उन्हाळ्यानंतर मला ठाऊक होतं, तुला नव्हतं.

तू मला युक्तिवादात हरवलंस असं मुलाने वाचून दाखवलं. तुझी फुशारकी मोडवत नाही, पण तुझ्याशी खोटं बोलायला आता तोंड नाही. सरोवरावरच्या शेवटच्या दिवशी सकाळी उठलो आणि विश्रामगृहाच्या बाईंना चहा सांगायला गेलो, तर काही निघालंच नाही. कुजबूजही नाही. खोलीत जाऊन दार लावून पुन्हा पाहिलं. जे वाचवण्यासाठी मरायला निघालो होतो ते आधीच गेलं होतं. मग सही न करायला कारण काय उरलं? एवढीच माझी शरणागती.

होडीत मी काही बोललो नाही, ताई. ओठ हलवत होतो. हात नेहमीसारखे चालवले. तू सामान भरून, गुडघा ओढत इतक्या लांब आली होतीस, आणि तुझा तो एक दिवस मला घालवायचा नव्हता. नावाड्याला समजलं असावं. त्याने काठ यायला उशीर केला.

फाटकावर बोलताना मला तोंडं कधी वेगळी दिसली नाहीत, नुसता जमाव दिसायचा. त्या दिवशी सांगायला काही नव्हतं, म्हणून तुझ्याकडे पाहत बसलो. तू शालीत गुरफटलेली, नाक लाल झालेलं, आणि भलत्याच जागी मान डोलावत होतीस. तेव्हाच कळलं की तुला काही ऐकू येत नाहीये, म्हणजे मी केव्हाही गप्प बसू शकतो. पण तू हसलीस, आणि मी पुन्हा हात वर केला.

काय बोललो ते लिही म्हणतेस. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. तिथे काहीच नव्हतं. मला फक्त थांबायचं नव्हतं.

गुडघा बरा होण्याची वाट पाहू नकोस. लवकर ये.

तुझा भाऊ