अंगठ्याखालची नाडी

२ तारीख
आणि म्हणे मी कुठे टिकत नाही! दादा, तुझ्या गॅरेजात ग्रीस पुसत कुजलो असतो, तर म्हणाला असतास, टिकला. आता बघ. स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, आणि काम काय, तर अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा सांभाळायचा. त्यांच्या मुलीला मी ताई म्हणतो. तिनेच सगळं शिकवलं. ताप बघायचा, श्वास मोजायचे, नाडी बघायची. नाडी अंगठ्याने. मनगटावर दाबून धरायचा, घड्याळाच्या सेकंदकाट्याचा एक फेरा होईपर्यंत. यंत्र आजोबांना खपत नाही. मला पहिल्या फटक्यात जमलं. आठवी नापास डॉक्टर झाला की!

५ तारीख
आजोबांची जीभ म्हणजे कात्री. मला उपटसुंभ म्हणतात, पाणी दिलं तरी. हात थंडगार, पण नाडी घोड्यासारखी. ताई म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे, जास्त वेळा बघत जा. मी फुगलो.

९ तारीख
जिन्यात चक्कर आली. आजोबांचे गाल मात्र भरलेत. म्हणाले, या घरात येणारा आपली तब्येत घेऊन येतो, तेवढी आम्हाला पुरते. मी हसलो. ते हसले नाहीत.

११ तारीख
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरने तीन बोटं ठेवून माझी नाडी बघितली. बराच वेळ शोधत होती. मी फुशारकी मारली, मीही बघतो, अंगठ्याने. ती हसत सुटली. म्हणाली, अरे शहाण्या, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, इतके दिवस तू आपलीच नाडी मोजलीस. मग हसू थांबवून म्हणाली, पांढराफटक पडलायस, सोड ते काम.
सोडू कसं? पगार महिना भरल्यावर. रिकाम्या हाताने गेलो तर दादा दारातच टाळ्या पिटून हसेल.

१२ तारीख
दुपारी आजोबा डोळे मिटून पडले होते. तीन बोटं ठेवली. काही नाही. दुसरा हात बघितला. मग मान. लाकडाला हात लावावा तसं.
त्यांनी डोळे उघडले. "अंगठ्यानं बघ. शिकवलंय ना तसं?"

१५ तारीख
आता अंगठा लावत नाही. तेच माझा हात ओढून घेतात. छातीकडे बघत बसतो त्यांच्या. मी श्वास घेतला की ती वर येते. मी रोखून धरला. थांबली. ते माझ्याकडे बघत राहिले, दात खात. शेवटी मलाच घ्यावा लागला — त्यांनीही घेतला, माझ्याहून मोठा.

१९ तारीख
ते उठून बसतात. थर्मामीटर माझ्याच काखेत लावला — पारा जागचा हलला नाही. ताईला म्हटलं, जातो. तिने दार सताड उघडलं. जा की, म्हणाली, आधीचेही असंच म्हणायचे.
उंबऱ्यापर्यंत गेलो — पाय उचलेना —

२४ तारीख
ते चालतात. मी त्यांच्या पलंगावर. नाडी तेच बघतात माझी. अंगठ्याने. ताईला सांगतात, छान चाललीय. अहो, ती तुमची —

३० तारीख
पूर्ण पगार मिळाला. तुझ्या खात्यात पैसे भरायला आजोबाच निघालेत. बूट माझे घातलेत — येतात त्यांना. दादा, टिकलो बघ. पाठवतोय अकरा हजार सात —